टर्बो इंजिनाचा ब्रीदर आणि व्हॅक्यूम रिलीफ: गोव्यातल्या नवख्या गाडीवाल्यांसाठी

टर्बो गाडी हातात आली की पहिली खरेदी चकचकीत ॲल्युमिनियमच्या कॅच कॅनची, म्हणजे इंजिनातून येणाऱ्या वायूतलं तेल गोळा करणाऱ्या डब्याची होते. दोन नळ्या जोडल्या, बॉनेट उघडून फोटो काढला, झालं. पुढे मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपायला लागतं किंवा आयडलला इंजिन शीळ घालायला लागतं, आणि सगळा राग टर्बोवर निघतो. कॅन वाईट नसतो. तो कुठल्या दोन टोकांच्या मध्ये बसवला आणि आतला दाब किती आहे हे कोणी मोजलेलं नसतं, तिथे सगळं बिनसतं. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी मोजायचं, मग आखायचं आणि खरेदी शेवटी.

हा लेख वय झालेली फॅक्टरी टर्बो पेट्रोल गाडी आणि ट्रॅकसाठी बांधायला घेतलेली प्रोजेक्ट गाडी या दोघींसाठी आहे. डिझेलवाल्यांनी आठवा भाग आधी वाचावा आणि मगच पान्याला हात लावावा.

१. आत काय चालतं

रिंगा कितीही नव्या असल्या तरी जळलेला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत उतरतोच. गॅरेजमध्ये याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. या वायूत न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्लं असतात, शिवाय वाटेत तो तेलाचे बारीक कण उचलतो. त्याला बाहेरची वाट मिळाली नाही तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि जिथे कच्ची जागा सापडेल तिथून तेल बाहेर येतं: टॅपेट कव्हरचं गास्केट, क्रँकचं मागचं सील, कधी तर डिपस्टिकच वर उचलली जाते.

पूर्वी हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या धुरक्याच्या धसक्याने तो परत इंजिनात ओढून जाळायची पद्धत रुजली, तीच पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन). साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनात हे काम सोपं असतं. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात, बहुतेक वेळ व्हॅक्यूम असतो, तो चेंबरमधला वायू ओढून घेतो आणि एअर फिल्टरनंतरच्या नळीतून ताजी हवा आत येते.

टर्बो आला की गणित फिरतं. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, चढल्यावर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम उरत नाही, उलटा दाब येतो. तो रस्ता उघडा राहिला तर टर्बोची हवा थेट चेंबरमध्ये घुसेल, म्हणून तिथे एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह लागतो. नेमक्या त्याच वेळी सिलिंडरमधला दाब वाढलेला असल्यामुळे बॅक कॉम्प्रेशनही सर्वांत जास्त असतं. त्याला दुसरी वाट हवी, आणि ती फिल्टर ते कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबणारा भाग) या मधल्या नळीत निघते, कारण तिथे बूस्टमध्येही थोडी ओढ असते.

तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते. आयडलला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम साधारण ६० किलोपास्कल असतो. पाण्याच्या उंचीत सांगायचं तर तब्बल ६ मीटर. चेंबरला हवा असतो तो जेमतेम काही सेंटिमीटरचा. मधली सगळी तफावत कोणीतरी अडवून धरायला हवी, आणि व्हॅक्यूम रिलीफ लागतो तो त्यासाठीच. क्रँकचं सील आतून येणारं तेल अडवण्यासाठी बनलेलं असतं. आतून जोराची ओढ बसली की त्याची कड उचलली जाते, बाहेरची हवा धुळीसकट आत शिरते आणि शीळ ऐकू येते.

टर्बोचं आणखी एक नाजूक दुखणं आहे. त्याच्या बेअरिंगमधलं तेल पंपाने परत येत नाही, नुसत्या उताराने चेंबरमध्ये पडतं. चेंबरमध्ये दाब असेल तर ते खाली उतरत नाही, टर्बोतच तुंबतं आणि सीलवरून पुढे एक्झॉस्टमध्ये किंवा इंटेकमध्ये जातं. निळा धूर दिसला की ‘टर्बो गेला’ असा निकाल लगेच लागतो. नवा टर्बो मागवण्याआधी ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर नेणारी वाट, आणि टर्बोची ड्रेन नळी मोकळी आहे का, एवढं तरी बघून घ्या.

२. कागद आणि सामान

कागद आधी, कारण भानगड तिथेच होते. आरसी, पीयूसी, विम्याची पॉलिसी आणि वॉरंटीचं पुस्तक समोर ठेवा. वॉरंटी चालू असेल तर काहीही कापू-जोडू नका, गाडी सर्व्हिस सेंटरला न्या. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. साध्या गाडीला टर्बो चढवून ती रस्त्यावर फिरवणं त्यात येतं. पेट्रोल गाडीच्या चेंबरमधला वायू उघड्यावर सोडणंही उत्सर्जनाच्या नियमात बसत नाही. त्यामुळे वर छोटा फिल्टर लावलेला ‘ओपन’ कॅन फक्त ट्रॅकवर. रस्त्यावरच्या गाडीची नळी परत इंटेकमध्येच गेली पाहिजे.

सामान असं:

- सुमारे २ मीटर पारदर्शक नळी, प्लायवूडचा तुकडा आणि पट्टी
- तेल भरायच्या तोंडाचं एक जादा टोपण
- कॉम्प्रेशन गेज. जमलं तर लीकडाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती आणि कुठून गळते ते दाखवणारा) उसना आणा
- तेलाला टिकणारी नायट्राइल किंवा एफकेएम रबराच्या अस्तराची होज
- बूस्ट आणि उष्णता सोसणारा एनआरव्ही
- आत जाळी आणि आडपडदे असलेला कॅन, खाली ड्रेनच्या तोटीसह
- स्टेनलेसचे क्लॅम्प

नळीच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नका. कूलंटची काळी होज दिसायला तशीच असते, पण तिचं ईपीडीएम रबर तेलात फुगतं. अशी एक नळी मी निपलवरून उपसून आडवी कापली होती. आतला थर भिजलेल्या चामड्यासारखा सुरकुतून सुटला होता आणि भोक निम्म्याहून बारीक झालं होतं. बाहेरून नळी नवीकोरी दिसत होती. रंगीत सिलिकॉन होजमधूनही आत खास अस्तर नसेल तर तेल घामासारखं झिरपतं. वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास हायड्रॉलिक होजची दुकानं आहेत. तिथे ‘ऑइलसाठी’ असं स्पष्ट सांगून नळी घ्या आणि तिच्यावरचा छाप वाचा. क्लॅम्प स्टेनलेसचेच घ्यायचे. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधा क्लॅम्प एका पावसाळ्यात गंजून स्क्रूसकट तुटतो.

३. आधी मोजा

जादा टोपणाला भोक पाडून निपल बसवा. डिपस्टिकच्या नळीवरही मोजता येतं, पण काही इंजिनांत ती नळी तेलात बुडालेली असते आणि आकडा खोटा येतो, म्हणून टोपणच बरं. पारदर्शक नळी प्लायवूडवर इंग्रजी ‘यू’सारखी ठोका आणि निम्मी पाण्याने भरा. खायच्या रंगाचा थेंब टाकला की रेघ स्पष्ट दिसते. (घरात आगळ हाताशी असतं हे खरं, पण त्यात मीठ असतं. नको.) एक टोक टोपणाला जोडा, दुसरं मोकळं ठेवा. मध्ये रिकामी बाटली लावायला विसरू नका. व्हॅक्यूम अपेक्षेपेक्षा जास्त निघाला तर सगळं पाणी इंजिनात ओढलं जाईल, ते त्या बाटलीत अडकतं.

इंजिन पूर्ण तापवा, आयडलला ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक मोजा. इंजिनाकडची बाजू वर गेली तर आत व्हॅक्यूम आहे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच प्रमाण. नसेल तर २० ते १०० मिलिमीटरच्या दरम्यान मी निश्चिंत असतो. काही युरोपीय इंजिनं मुळातच यापेक्षा जास्त व्हॅक्यूमवर चालतात, त्यामुळे एवढ्यावरून घाबरू नका. मोकळी बाजू वर गेली, म्हणजे आयडललाच आत दाब आहे, तर नळी तुंबलेली आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. पाणी सरळ बाटलीत गेलं तर व्हॅक्यूम बेसुमार आहे.

आत दाब निघाला तर पुढे जाऊ नका. कॉम्प्रेशन तपासा. लीकडाउन करताना तेलाच्या तोंडाशी कान लावा. तिथे फुसफुस ऐकू आली तर हवा रिंगांवरून खाली जाते आहे, आणि झिजलेल्या रिंगांवर कॅन हा उपाय नाही. तो फक्त तेल गोळा करत बसेल.

४. रस्ते आखा

कागदावर आखायला अर्धा तास द्या. मला पटणारी मांडणी कंपनीच्याच धर्तीची आहे. टॅपेट कव्हरच्या एका टोकाकडून नळी कॅनमध्ये, कॅनमधून एनआरव्हीतून मॅनिफोल्डकडे. कव्हरच्या दुसऱ्या टोकाकडून दुसरी, जाड नळी टर्बोच्या आधीच्या पाइपला. एअरफ्लो सेन्सर असेल तर त्याच्या पुढे, म्हणजे सेन्सर आणि टर्बो यांच्या मध्ये. या दुसऱ्या नळीवर एनआरव्ही नको. आयडलला तिच्यातून ताजी, सेन्सरने मोजलेली हवा आत येते आणि बूस्टमध्ये तिच्यातूनच वायू बाहेर जातो. ट्रॅकची गाडी असेल तर या नळीवरही वेगळा कॅन घाला, बूस्टमध्ये खरं तेल तिथूनच येतं.

आता नेहमीचा सापळा. पैसे वाचवायला दोन्ही नळ्या एकाच कॅनच्या दोन तोंडांना जोडल्या जातात आणि कॅन ते इंजिन एकच नळी ठेवली जाते. आयडलला मॅनिफोल्ड टर्बोच्या पाइपातली हवा कॅनमधूनच परस्पर ओढून घेतो आणि चेंबर तसाच कोंडलेला राहतो. वाफ तेलातच मुरते. यावर उतारा म्हणून दुसऱ्या तोंडावरही एनआरव्ही लावला जातो, मग ताजी हवा यायला वाटच उरत नाही आणि मॅनिफोल्डची सगळी ओढ चेंबरवर येते. बाजारात तयार मिळणारे ‘दोन व्हॉल्व्हवाले’ कॅन याच जातीचे. ते लावायला हरकत नाही, पण मग पाचवा भाग टाळता येणार नाही.

साध्या इंजिनाचा पीसीव्ही व्हॉल्व्ह टर्बोवर चालतो का, हे खूप जण विचारतात. सहसा नाही. तो बूस्टच्या दाबाला घट्ट मिटण्यासाठी बनलेला नसतो. व्हॉल्व्ह नवा असो की जुना, हातात घेऊन स्वच्छ नळीने दोन्ही बाजूंनी फुंकून बघा. उलट्या बाजूने किंचितही हवा गेली तर तो बाद.

५. व्हॅक्यूम रिलीफ

फॅक्टरी टर्बो गाडी असेल तर बहुतेक वेळा टॅपेट कव्हरमध्ये किंवा तेल वेगळं करणाऱ्या डब्यात एक रबरी पडदा असतो. व्हॅक्यूम वाढला की पडदा खाली ओढला जातो आणि वाट आवळतो. म्हणजे रिलीफचं काम तोच करतो, त्याला काढून फेकू नका. हा पडदा उष्णतेने कडक होऊन फाटतो. ओळखायची खूण अशी: त्याच्या झाकणावर बारीक श्वासछिद्र असतं. इंजिन चालू असताना त्यावर बोट ठेवलं आणि शीळ थांबली किंवा आयडल बदललं, तर पडदा फाटला. तेलाचं टोपण ओढूनही निघत नसेल तर तीच शंका घ्या. अशा गाडीत स्कॅनरवर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचा कोडही येतो, आणि त्यावरून सेन्सर बदलणारे पुष्कळ भेटतात. नवा पडदा किंवा कव्हर कंपनीचंच घ्या. स्वस्त पडद्याची स्प्रिंग वेगळी असते आणि व्हॅक्यूमचा आकडा बदलतो.

प्रोजेक्ट गाडीत दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, मॅनिफोल्डच्या नळीत वाट आवळणारा अडथळा: पितळेची गुल्ली, मधोमध भोक. मी १.५ मिलिमीटरपासून सुरुवात करतो आणि मोजून वाढवतो. भोक मोठं ठेवलं तर लहान इंजिनाची आयडलची निम्मी हवा तिथूनच यायला लागते आणि आयडल खालीच येत नाही. बारीक भोक गाळाने बुजतं, म्हणून गुल्ली हाताला येईल अशा जागी बसवा.

दुसरी, दोन व्हॉल्व्हवाली मांडणी असेल तर खरा रिलीफ व्हॉल्व्ह. स्प्रिंगवाला, ठरावीक व्हॅक्यूमला उघडून हवा आत सोडणारा. तो कॅनजवळ लावायचा मोह होतो, कारण तिथे जागा असते. पण तो ओढीच्या टोकापासून सर्वांत लांब, कव्हरच्या दुसऱ्या टोकाला हवा, तरच आत आलेली हवा चेंबरमधून फिरून वाफ घेऊन जाते. एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीत त्याचं तोंडही सेन्सरनंतरच्या पाइपला जोडा. नुसता छोटा फिल्टर लावून उघडं ठेवलंत तर सेन्सरने न मोजलेली हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं. स्प्रिंग पूर्ण ढिली ठेवून पाण्याची नळी जोडा आणि आकडा बघत थोडी थोडी आवळा. अंदाजाने पीळ द्यायचा नाही.

एक्झॉस्टमध्ये तिरपी नळी घालून ओढ मिळवायची जुनी युक्ती अजून कुणी कुणी सुचवतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर असलेल्या गाडीत ती उलटी पडते, एक्झॉस्टच चेंबरमध्ये शिरतो.

६. बसवणं

नळीचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कुठेही कमी नको, आणि यात निपल आणि कोपरेही आले. ८ मिलिमीटरच्या दोन नळ्या म्हणजे १६ मिलिमीटरची एक नव्हे. क्षेत्रफळ निम्मंच भरतं.

कॅन टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, वारा लागेल तिथे ठेवा. गार कॅनमध्ये वाफ चांगली जमते. इंजिनापासून कॅनपर्यंत नळी चढती असावी, मध्ये खोलगट वळण नको, नाहीतर पाणी तिथेच साचून वाट बुजते. नळीची भिंत जाड हवी. गरम झाल्यावर ओढीने चपटी होते का, ते आयडलला चिमटीत धरून बघा. बूस्टच्या बाजूच्या प्रत्येक जोडावर क्लॅम्प हवाच.

कॉम्प्रेसरच्या आधी काम करताना पाइपला फडकं कोंबून ठेवा. एक वायसर आत पडला तरी टर्बोची पाती गेली.

७. चाचणी

आयडलचा आकडा पुन्हा घ्या. तो जमला की गळती शोधायला जोडांवर किंवा नळ्यांवर बाहेरून साबणाचं पाणी लावून फायदा नाही, कारण आयडलला इथे व्हॅक्यूम असतो आणि फुगा येतच नाही. त्यापेक्षा नळ्यांच्या जोडांशी कान न्या.

बूस्टमधला आकडा मात्र गाडी जागेवर उभी करून मिळत नाही. न्यूट्रलला रेस दिली तरी लोड नसल्याने बूस्ट नावापुरताच येतो. पाण्याची नळी काढून कमी दाबाचं गेज लावा, नळी खिडकीतून आत घ्या आणि शेजारी बसलेल्याला गेजचा व्हिडिओ काढू द्या. तुम्ही फक्त रस्ता बघा. केरीहून चोर्ला घाट तिसऱ्या गियरमध्ये एकसारखा चढवला की वेगमर्यादा न मोडताही पुरेसा लोड मिळतो. मात्र सकाळी लवकर जा, ट्रक सुरू झाले की एकसारखा चढ मिळत नाही. काटा शून्याच्या आसपास किंवा किंचित खाली राहिला तर काम झालं. पूर्ण बूस्टमध्ये सतत दाब दाखवत असेल तर दुसरी नळी बारीक पडते आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर काटा लगेच खाली आला पाहिजे. रेंगाळला तर एनआरव्ही चिकटतो आहे.

८. डिझेलवाल्यांनो

डिझेलला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमध्ये नसतो, त्यामुळे चेंबरची नळी थेट टर्बोच्या आधी जाते. वरची मॅनिफोल्डची वाट तुम्हाला लागू नाही.

धोका मात्र मोठा आहे. कॅन तुडुंब भरला किंवा नळी कॅनच्या तळाशी टेकली तर तेल घोटाघोटाने टर्बोत जातं आणि डिझेल इंजिन त्या तेलावर चालायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, फेरे चढतच जातात. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक दाबून धरा, सर्वांत वरचा गियर टाका आणि क्लच सोडून बंद पाडा. नाहीतर एअर इनटेकचं तोंड जाड फळीने झाका. हात किंवा फडकं लावू नका, ते आत ओढलं जातं. म्हणून डिझेलमध्ये पातळी बाहेरून दिसणारा मोठा कॅन घ्या, किंवा कंपनीचा मूळ सेपरेटरच ठेवा. माझं मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे.

९. पावसाळ्यात आणि एरवी

जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तोटी उघडून बघा, एरवी दर सर्व्हिसला आणि मध्ये एकदा. इंजिन गार असताना उघडा, त्या गाळात पेट्रोल असतं. पणजी-ताळगाव एवढ्याच फेऱ्या होत असतील तर तेल कधी नीट तापत नाही आणि कॅनमध्ये, टोपणाच्या आत दुधाळ पिवळट गाळ जमतो. आठवड्यातून एकदा गाडी तासभर सलग चालवली की तो बराच कमी होतो.

हा गाळ परत इंजिनात ओतू नका, त्यात पाणी आणि आम्ल आहे. ओहळात किंवा विहिरीजवळच्या मातीतही नको. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. बाटलीत साठवा आणि ज्या गॅरेजचं जुनं तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेला जातं तिथे द्या.

लांब चालवूनही दुधाळ गाळ थांबत नसेल आणि त्याच वेळी कूलंटची बाटली खाली जात असेल, तर ब्रीदरशी खेळत बसू नका. हेड गास्केट तपासून घ्या.